टोर्नेडो वॉच लागला की काय करायचं: टेक्सस, ओक्लाहोमा, टेनेसीतल्या मराठी घरांसाठी

कोकणातल्या माणसाला वादळाची सवय असते, पण ती दोन-तीन दिवस आधी वर्दी देऊन येणाऱ्या वादळाची. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा होड्या आधीच वर ओढलेल्या होत्या, किनाऱ्यालगतची माणसं हलवलेली होती. टोर्नेडोचं तसं नाही. उद्या संध्याकाळी डॅलसच्या आसपास कुठेतरी होऊ शकेल, एवढंच आदल्या दिवशी सांगता येतं. तो तुमच्या भागात येतोय हे कळतं तेव्हा हातात साधारण दहा मिनिटं असतात. कधी पंधरा, कधी एकही नाही. तेवढ्या वेळात ठरवाठरवी होत नाही, आधी ठरलेलं असेल तेच हातून होतं.

अमेरिकेत वर्षाला साधारण १,२०० टोर्नेडो होतात. टेक्सस, ओक्लाहोमा, कॅन्सस या पट्ट्यात एप्रिल ते जून जोर, आणि दिवसातली धोक्याची वेळ दुपारी चार ते रात्री नऊ. टेनेसी, अलाबामा, मिसिसिपीत नोव्हेंबरपासूनच धास्ती, आणि तिकडे रात्री-अपरात्री होणाऱ्यांचं प्रमाण जास्त. ३ मार्च २०२० चा नॅशव्हिलचा टोर्नेडो मध्यरात्र उलटल्यावर आला. पण ‘सीझन संपला’ म्हणून निर्धास्त होऊ नये. डॅलसजवळच्या गार्लंड-रोलेटमध्ये ईएफ-४ (टोर्नेडोच्या जोराच्या ० ते ५ पट्टीवर चौथा) झाला तो नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबर २०१५ ला. उत्तर डॅलसमधला ईएफ-३ झाला २० ऑक्टोबर २०१९ च्या रात्री.

नकाशा कुठला बघायचा

फोनवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये ढग आणि विजेचं चित्र दिसतं, त्यावरून काहीच कळत नाही. बघायचा तो ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथल्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा, म्हणजे एसपीसीचा नकाशा. त्यात १ ते ५ अशा पायऱ्या असतात: मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट, हाय. नावांवर जाऊ नका, आकडे लक्षात ठेवा. ‘मॉडरेट’ ऐकून लोकांना मध्यम वाटतं, प्रत्यक्षात ती पाचातली चौथी पायरी आहे आणि वर्षातून मोजक्याच वेळा लागते.

त्या दिवसाचा नकाशा पाच वेळा सुधारतात. उन्हाळ्यातल्या सेंट्रल वेळेप्रमाणे रात्री १, सकाळी ८, साडेअकरा, दुपारी ३ आणि रात्री ८ वाजता. सकाळी ८ चा बघून ऑफिसला निघालात तर दुपारचा साडेअकराचाही बघा. सकाळी दुसऱ्या पायरीवर असलेला भाग दुपारी तिसऱ्या पायरीवर गेलेला असतो, कधी उलटही होतं. मुख्य नकाशाच्या आत टोर्नेडो, गारा आणि वारा यांचे वेगळे नकाशे असतात, ते उघडल्याशिवाय मत बनवू नका. ३ ची पायरी नुसत्या गारांमुळेही लागलेली असू शकते. तो दिवस गाडी आत लावायचा, घाबरायचा नव्हे.

टोर्नेडोच्या नकाशावर ५ टक्के, १० टक्के असे आकडे दिसतात. त्यांचा अर्थ: तुमच्यापासून २५ मैलांच्या आत टोर्नेडो होण्याची शक्यता. दहा टक्के ऐकून लोक हसतात, पण एरवीच्या दिवशी हा आकडा शून्याला टेकलेला असतो. आणि दहा टक्के म्हणजे अशा दहांपैकी नऊ दिवशी तुमच्या २५ मैलांत काहीच होणार नाही. तो अंदाज चुकला असं नव्हे, अंदाजच तो होता. रंगावर तिरप्या रेघा मारलेल्या असतील तर जास्त सावध व्हा. जो होईल तो जबर असू शकतो असं त्या रेघा सांगतात.

आकड्यांपेक्षाही उपयोगी पडतं ते नॅशनल वेदर सर्व्हिसच्या स्थानिक कार्यालयाचं ‘फोरकास्ट डिस्कशन’. डॅलससाठी फोर्ट वर्थचं कार्यालय, ओक्लाहोमा सिटीसाठी नॉर्मनचं. तिथला अंदाजकर्ता साध्या इंग्रजी गद्यात लिहितो की आपल्याला कशाची खात्री आहे आणि कशाची नाही. वाचताना तीन गोष्टी शोधा. वादळं किती वाजता सुटणार? ती सुटी-सुटी असणार की एका ओळीत? आणि ती येतील तेव्हा आपण जागे असू का?

सुटं सुपरसेल, म्हणजे आतली हवा गरगर फिरणारं एकटं मोठं वादळ असेल तर मोठ्या, जास्त वेळ टिकणाऱ्या टोर्नेडोची भीती अधिक, पण रडारवर ते लांबून दिसतं. ओळीतल्या वादळात छोटे टोर्नेडो दोन-चार मिनिटांत होऊन विरतात आणि इशाऱ्याला वेळ मिळत नाही. अशा वेळी नुसत्या सीव्हिअर थंडरस्टॉर्म वॉर्निंगच्या (तीव्र वादळी पावसाच्या इशाऱ्याच्या) मजकुरात ‘टोर्नेडो पॉसिबल’ असं लिहिलेलं असतं. ते दिसलं की बूट घालून तयार राहायचं.

‘कॅप’ हा शब्द सतत भेटेल. जमिनीवरच्या दमट हवेवर उबदार, कोरड्या हवेचा थर बसतो आणि ढगांना वर जाऊ देत नाही. कॅप टिकली तर पायरी ३ च्या दिवशीही लख्ख ऊन पडतं. संध्याकाळी फुटली तर मात्र दिवसभर कोंडलेली ताकद एकदम वर जाते. दुपारी चारला निरभ्र आकाश बघून ‘काही होत नाही’ म्हणणारे इथे फसतात. अंगणात ड्यू पॉइंट (हवेतल्या दमटपणाचं माप) ६५ ते ७० फॅरनहाइट, दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखाताचा दमट वारा आणि वर मोकळं आकाश, म्हणजे धोका टळला असं अजिबात नाही.

वॉच कधी, वॉर्निंग कधी

वॉच एसपीसी लावतं. अनेक काउंट्यांचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मोठा तुकडा, साधारण सहा ते आठ तास. याचा अर्थ हवा तयार आहे. फोन तेव्हा किंचाळत नाही, त्यामुळे वॉच लागल्याचं अनेकांना कळतच नाही. वॉर्निंग स्थानिक कार्यालय देतं. नकाशावर चार-सहा कोनांचा छोटा पॉलिगॉन, बहुधा अर्धा-पाऊण तास. याचा अर्थ रडारवर फिरती हवा दिसली किंवा कुणी टोर्नेडो प्रत्यक्ष पाहिला. वॉर्निंग काउंटीला नसते, पॉलिगॉनला असते. काउंटीच्या एका टोकाला ती असताना दुसऱ्या टोकाला कोरडी संध्याकाळ असू शकते. आपलं घर पॉलिगॉनच्या आत आहे का, एवढंच बघायचं.

वॉर्निंगच्या मजकुरात ‘सोर्स’ अशी ओळ असते. ‘रडार इंडिकेटेड रोटेशन’ असेल तर फिरणं दिसलंय, जमिनीला टेकल्याची खात्री नाही. ‘ऑब्झर्व्ह्ड’ असेल तर आहेच. त्यापुढे ‘कन्सिडरेबल’ आणि ‘कॅटस्ट्रॉफिक’ हे नुकसानीचे शब्द. शेवटचा शब्द आला की त्याला टोर्नेडो इमर्जन्सी म्हणतात. ती पहिल्यांदा वापरली गेली ३ मे १९९९ ला, ओक्लाहोमा सिटीसाठी. मात्र हा मजकूर आसऱ्याच्या खोलीत जाऊन बसल्यावर वाचायचा, आधी नाही.

२२ मे २०११ ला मिझुरीतल्या जॉप्लिनमध्ये दीडशेहून जास्त माणसं गेली. वॉर्निंग टोर्नेडो टेकण्याच्या सुमारे १७ मिनिटं आधी दिलेली होती. नंतरच्या सरकारी तपासणीत दिसलं की बहुतेकांनी पहिला सायरन ऐकून लगेच आसरा घेतला नाही. टीव्ही लावला, खिडकीतून पाहिलं, कुणाला फोन केला. खात्री करून घेणं हा माणसाचा स्वभावच आहे, म्हणून ती खात्री वॉचच्या वेळात उरकायची. तेव्हा टीव्ही लावा, रडार बघा, भावाला फोन करा. वॉर्निंगनंतर यातलं काही नाही.

खोली ठरवणं

सगळ्यात खालचा मजला, घराच्या मधोमध, लहान खोली, खिडकी नाही. तळघर असेल तर तेच. तळघराचा नैर्ऋत्य कोपरा सुरक्षित ही जुनी समजूत, ती सोडून द्या. मजबूत टेबलाखाली किंवा जिन्याखाली बसा, मात्र वरच्या मजल्यावर फ्रीज किंवा पियानो ठेवलाय त्याच्या बरोबर खाली नको. डॅलसकडच्या घरांना तळघर जवळजवळ नसतंच. तिथे घराचा नकाशा मनात आणा आणि बाहेरची हवा आणि तुम्ही यांच्यामध्ये किती भिंती येतात ते मोजा. जितक्या जास्त तितकं बरं.

‘बाथरूममध्ये जा’ असं सगळे सांगतात, पण कुठल्या बाथरूममध्ये ते सांगत नाहीत. नव्या घरांतलं मास्टर बाथ बहुधा बाहेरच्या भिंतीला असतं आणि टबच्या डोक्यावर मोठी खिडकी. ते नको. त्यापेक्षा पाहुण्यांसाठीचं बिनखिडकीचं छोटं टॉयलेट, जिन्याखालचं क्लॉझेट, किंवा स्वयंपाकघराची पँट्री.

पँट्री निवडलीत तर वरच्या फळ्यांकडे नीट बघा. मराठी घरातल्या पँट्रीत डोक्याच्या उंचीवर लोणच्याच्या काचेच्या बरण्या, पिठाचे स्टीलचे डबे, जास्तीचा कुकर आणि दिवाळीपुरता बाहेर येणारा पितळी सोऱ्या असतो. घर हललं की हे सगळं तुमच्याच डोक्यावर. जड वस्तू कंबरेच्या खाली आणा, वर पोह्यांची, शेवयांची पाकिटं ठेवा. आणि एकदा घरातल्या सगळ्यांना आत बसवून दार लावून बघा. दार लागत नसेल तर ती खोली मोजायची नाही.

अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी आत्ताच बोला. “वॉर्निंग आली तर आम्ही चौघं तुमच्या आतल्या बाथरूममध्ये येऊ का?” असं विचारायला अवघड वाटतं, पण नाही म्हणणारा क्वचितच भेटतो. इमारतीचा पॅसेज दोन्ही बाजूंनी उघडा असेल तर तो आसरा नव्हे, वारा त्यातूनच जातो. मोबाइल होममध्ये (तयार आणून ठेवलेल्या हलक्या घरात) कुठलीच खोली चालत नाही. तिथून वॉच लागल्यावरच निघून भक्कम इमारतीत जायचं.

सेफ रूम (वादळात टिकेल अशी खास भक्कम खोली) बसवायचा विचार असेल तर ती फेमाच्या, म्हणजे सरकारी आपत्ती यंत्रणेच्या पी-३६१ किंवा आयसीसी-५०० निकषाची आहे ना ते विचारा. ताशी २५० मैल वाऱ्यासाठी ती बनवलेली असते, म्हणजे ईएफ-५ सुरू होतो त्या २०० मैलांच्याही बरीच पुढे. डॅलस भागातल्या पुष्कळ घरांचा पाया पोस्ट-टेन्शन स्लॅबचा असतो. काँक्रीटमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतात आणि तसा शिक्का गॅरेजच्या जमिनीत उमटवलेला दिसतो. अशा स्लॅबमध्ये केबल कुठे आहेत ते स्कॅन केल्याशिवाय भोक पाडायचं नाही. ताणलेली केबल तुटली तर पाया बिघडतोच, कापणाऱ्याच्या जिवावरही बेततं. सेफ रूम बसल्यावर शहराच्या अग्निशमन दलाकडे तिची नोंद होते का ते पाहा. वर ढिगारा पडून दार अडकलं तर कुठे शोधायचं हे त्यांना माहीत हवं.

खोलीत काय ठेवायचं

पहिली वस्तू बूट. आपण घरात अनवाणी वावरतो, चपला दाराशी. वॉर्निंग आली की सगळे तसेच अनवाणी खोलीत जातात. टोर्नेडो घरावरून गेला तर बाहेर पडायची वाट काचा आणि खिळ्यांवरून असते, आणि दाराशी ठेवलेल्या चपला, दार, कशाचाच पत्ता नसतो. प्रत्येकाचा एक जुना, जाड तळव्याचा, बंद बुटांचा जोड कायमचा त्या खोलीत ठेवून द्या. मुलांचे पाय वाढतात, दर मार्चमध्ये मापं बघा.

दुसरी वस्तू हेल्मेट. उडत्या वस्तूंनी डोक्याला होणारी इजा हे मृत्यूचं मोठं कारण आहे. सायकलचं चालेल, क्रिकेटचंही. क्रिकेटचं हेल्मेट किटबॅगेतून काढून आधीच खोलीत नेऊन ठेवा, किटबॅग नेमकी गाडीच्या डिकीत असते. हेल्मेट नसेल तर गादी किंवा जाड रजई अंगावर ओढून घ्या.

मग शिट्टी (ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजत राहते), डोक्याला बांधायचा टॉर्च, भरलेली पॉवर बँक, कातडी हातमोजे, माणशी एक पाण्याची बाटली, रोजची औषधं, चष्म्याची जास्तीची जोडी. तान्हं मूल असेल तर डायपर. मोठा साठा, माणशी रोज एक गॅलन पाणी तीन दिवसांचं, म्हणजे चौघांना बारा गॅलन, खोलीबाहेर ठेवला तरी चालतो.

कागद एका जलरोधक पिशवीत: पासपोर्ट, आय-७९७, ईएडी किंवा ग्रीन कार्ड, ओसीआय, जन्माचे आणि लग्नाचे दाखले, घराची पॉलिसी. यांचे फोटो क्लाउडवर असतीलच, पण मूळ आय-७९७ किंवा भारतातला जन्मदाखला परत मिळवायला महिने जातात. पिशवी कपाटात वर नको, त्याच खोलीत हवी.

इशारा घरात पोचणार कसा

सायरन बाहेर असलेल्यांसाठी असतात. बंद खिडक्या, चालू एसी आणि टीव्ही असेल तर आत ऐकू येत नाहीत. झोपेत तर नाहीच. सायरन थांबला म्हणजे धोका टळला असंही नाही, ‘ऑल क्लिअर’चा वेगळा सायरन बहुतेक ठिकाणी नसतो. डॅलस शहरात सायरनची चाचणी महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बारा वाजता होते, इलिनॉयमध्ये पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला. तो दिवस घरच्या सरावाला वापरा.

फोनवर टोर्नेडो वॉर्निंगचा सरकारी इशारा आपोआप येतो, चालू असेल तर. आयफोनवर सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, आणि यादीच्या अगदी तळाशी ‘गव्हर्नमेंट अलर्ट्स’. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट्स’ असं शोधा. कधीतरी पहाटे दुसऱ्याच कसल्या अलर्टने झोप मोडल्यावर वैतागून बंद केलेला असतो, आणि ते विसरलेलंही असतं.

फोनचा टॉवर पडला तरी चालणारं साधन म्हणजे नोआ वेदर रेडिओ, हवामानाचे सरकारी इशारे ऐकवणारा छोटा रेडिओ. तीसेक डॉलरला मिळतो, विजेवर चालतो आणि वीज गेली तर सेलवर. लावताना होणारी चूक ठरलेली आहे: पेटीतून काढून तसाच चालू करतात. मग तो शेजारच्या आठ काउंट्यांच्या प्रत्येक इशाऱ्याला कर्कश वाजतो, तिसऱ्या रात्री कुणीतरी त्याची वायर काढतं आणि पुढे तो खणात जातो. म्हणून आपल्या काउंटीचा सहा आकडी सेम कोड घाला. डॅलस काउंटी ०४८११३, कॉलिन ०४८०८५, डेंटन ०४८१२१. फ्रिक्वेन्सी १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सातांपैकी जी सगळ्यात स्वच्छ ऐकू येते ती, डॅलसचं केंद्र १६२.४०० वर आहे. त्यानंतर नको त्या प्रकारचे इशारे मेन्यूतून बंद करा. टोर्नेडो वॉर्निंग चालूच ठेवा. सेल दर वर्षी बदला, नाहीतर गळून खाच गंजते. रेडिओ झोपायच्या खोलीत ठेवायचा, हॉलमध्ये शोभेला नाही.

आई-बाबा आलेले असतील तर

बहुतेकांचे आई-वडील येतात ते नेमके एप्रिल ते जूनमध्ये, आणि दिवसभर घरी एकटे असतात. त्यांच्या फोनवर भारतातलं सिम असेल तर इशारा येईलच असं धरून चालू नका. इथलं सिम घाला किंवा रेडिओ त्यांच्याजवळ ठेवा. रेडिओवरचं इंग्रजी त्यांना कळायची गरज नाही. वाजला की आत जायचं, एवढंच.

त्यांना टोर्नेडोचं शास्त्र समजावण्यात वेळ घालवू नका. चार वाक्यं पुरतात: “हा आवाज आला की गॅस बंद. देवापुढचा दिवा विझवायचा. जिन्याखालच्या खोलीत जाऊन बूट घालायचे. आम्हाला फोन करायचा नाही, आम्हीच करू.” शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा सांगा, कारण आई पहिला फोन तुम्हालाच करणार. आणि बाबांना सांगा की अंगणात जाऊन व्हिडिओ काढायचा नाही. पावसाच्या पडद्याआडचा टोर्नेडो दिसत नाही, दिसला तर फार उशीर झालेला असतो. गुडघे दुखत असतील तर खोलीत एक बुटकं स्टूल ठेवा. जमिनीवर बसता येत नाही म्हणून माणसं दाराबाहेर खुर्चीवर बसून राहतात.

ग्रुपवर काय लिहायचं, काय नाही

आठवडाभर आधीच्या हवामानाच्या संगणकी मॉडेलचा लालजर्द स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकणं हा आता छंदच झालाय. पाच-सहा दिवस आधीच्या मॉडेलवरून कुठल्या शहरावर काय होणार ते कळत नाही. तसे दोन-तीन फुसके गेले की खऱ्या दिवशी लोक ग्रुप म्यूट करून बसलेले असतात. आदल्या दिवसाआधी एवढंच लिहावं: ‘मंगळवारी संध्याकाळी वादळाची शक्यता, सोमवारी पुन्हा बघू.’

वॉच लागल्यावर निरोप असा हवा:

‘टोर्नेडो वॉच. कॉलिन, डेंटन, डॅलस काउंटी. आज मंगळवार, रात्री ९ पर्यंत. वादळं ५ नंतर पश्चिमेकडून अपेक्षित. निरोपाची वेळ दुपारी २:१०.’

काउंटी, कधीपर्यंत, आणि निरोप कधी लिहिला, या तिन्हींपैकी एक जरी राहिलं तर तो निरोप रात्री अकराला फिरत-फिरत परत येतो आणि लोकांना झोपेतून उठवतो. ‘भयानक’, ‘सावधान’ असले शब्द नकोत. वॉर्निंग ग्रुपवर टाकण्यात अर्थ नाही, ती वाचेपर्यंत पाच मिनिटं गेलेली असतात. गेल्या वर्षीचे व्हिडिओ आजचे म्हणून येतात. तारीख आणि गाव दिसत नसेल तर पुढे ढकलू नये.

मंडळाचे गुढीपाडव्याचे कार्यक्रम मार्च-एप्रिलमध्येच येतात, तेही भाड्याच्या शाळेच्या सभागृहात. सभागृहाचं रुंद, मधे खांब नसलेलं छत हा त्या इमारतीतला सगळ्यात कमजोर भाग. हॉल ताब्यात घेताना शाळेच्या माणसाला विचारून घ्या की वादळात मुलांना कुठे नेता. बहुधा आतले पॅसेज आणि स्वच्छतागृहं असतात. सूत्रसंचालकाव्यतिरिक्त एका माणसाकडे फक्त रडार आणि पॉलिगॉन बघायचं काम द्या. नाटकाचा दुसरा अंक थांबवायचा अधिकार त्याच्याकडे आहे हे आधीच ठरलेलं असू दे, नाहीतर ‘एवढं गाणं होऊ दे’ सुरू होतं.

भारतात कळवायचं असेल तर वेळेचं भान ठेवा. उन्हाळ्यात सेंट्रल वेळेपेक्षा भारत साडेदहा तास पुढे असतो. तुमच्या संध्याकाळी सातला तिकडे पहाटेचे साडेपाच, आणि टीव्हीवर ‘अमेरिकेत टोर्नेडोचा कहर’ सुरू झालेलं असतं. दुसऱ्या शहरातला एक नातेवाईक ठरवा, सगळ्यांनी त्यालाच मेसेज करायचा, तो भारतात कळवेल. गर्दीच्या नेटवर्कवर फोन लागत नाहीत, एसएमएस सहसा जातो.

वॉच ते वॉर्निंग

गाडी आत, गॅरेजचं दार बंद. फोन, पॉवर बँक चार्जिंगला. अंगणातल्या खुर्च्या, ट्रॅम्पोलीन आत किंवा बांधून. आंघोळी उरकून घ्या. कुकर लावायचा तो लवकर लावा. घरातली आतली दारं बंद ठेवा, त्याने छतावर आतून येणारा दाब कमी होतो. खिडक्या मात्र उघडायच्या नाहीत. दाब समान करायला उघडाव्यात ही जुनी गैरसमजूत आहे आणि त्या नादात लोक काचेजवळ जातात.

मुलं शाळेत असतील तर निर्णय याच वेळात करायचा. आणायचं असेल तर वादळ दोन तास लांब असताना जाऊन आणा. वॉर्निंग लागल्यावर शाळेकडे निघू नका. शाळा त्या वेळी मुलं सोडत नाहीत आणि तुम्ही रस्त्यावर अडकता. ऑफिसचंही तेच: लवकर निघा, नाहीतर वादळ जाईपर्यंत तिथेच थांबा. साडेपाचच्या ट्रॅफिकमध्ये हायवेवर असणं हा दोन्हींतला वाईट पर्याय.

वॉर्निंग आली, आणि तुम्ही गाडीत

घरी असाल तर खोलीत जा, बूट, हेल्मेट, गुडघ्यात डोकं, हात मानेवर. त्यापलीकडे काही नाही.

३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रीनोचा टोर्नेडो २.६ मैल रुंद होता. त्यात गेलेली आठही माणसं गाड्यांमध्ये होती. २०१५ च्या गार्लंडच्या टोर्नेडोतले बहुतेक मृत्यूही हायवेवरच्या गाड्यांतले. त्यामुळे घर सोडून गाडीने पळायचं नाही. आधीच रस्त्यावर असाल तर जवळच्या भक्कम इमारतीत शिरा आणि आतल्या स्वच्छतागृहात जा. मोठ्या दुकानाच्या मोकळ्या भागात थांबू नका. पुलाखाली तर कधीच नाही. तिथे वारा बोगद्यासारखा कोंडून जोर धरतो, ३ मे १९९९ ला पुलांखाली आसरा घेतलेल्यांपैकी काही लोक असेच गेले. काहीच नसेल तर पट्टा लावून, डोकं काचेच्या खाली, अंगावर जाकीट. किंवा रस्त्यापेक्षा खोल खड्ड्यात पालथं पडणं, पण पाणी वाहत असलेल्या नाल्यात किंवा मोरीत नव्हे. एल रीनोच्याच रात्री ओक्लाहोमा सिटीत नाल्यात लपलेली माणसं पुरात वाहून गेली.

रडारबद्दल थोडं

ॲपमधलं रडार काही मिनिटं जुनं असतं. रडारची एक फेरी पूर्ण व्हायला चार-सहा मिनिटं लागतात आणि वादळ ताशी ४० मैलांनी जात असेल तर तेवढ्यात ते तीन-चार मैल सरकलेलं असतं. ‘अजून लांब आहे’ म्हणताना हे धरा. ‘फ्युचर रडार’ हे फिरत्या वादळासाठी निरुपयोगी आहे. वेग दाखवणारं चित्र बघता येत असेल तर लाल आणि हिरवा एकमेकांना चिकटलेले दिसतात तिथे फिरणं आहे. ढिगाऱ्याची खूण (हवेत उडालेल्या मोडतोडीचा रडारवरचा ठिपका) दिसली म्हणजे टोर्नेडो टेकलेला आहे आणि मोडतोड सुरू झाली आहे.

नंतर

वॉर्निंगची वेळ संपल्यावर लगेच बाहेर पडू नका, मागून दुसरं वादळ असू शकतं. पॉलिगॉन पुन्हा बघा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणही दाबू नका, काडी पेटवू नका, बाहेर जाऊन मगच फोन करा. पडलेली प्रत्येक तार चालू आहे असं धरा. जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये नाही, खिडक्यांपासून किमान २० फूट लांब. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि वादळानंतरचे काही बळी याचे असतात.

ताडपत्री टाकण्याआधी नुकसानीचे फोटो काढा, प्रत्येक खोलीचे, छताचे. ताडपत्रीची पावती जपा. गाडीचं गारांनी झालेलं नुकसान विम्यात ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ हा भाग असेल तरच भरून मिळतं. घराच्या पॉलिसीत वारा-गारांचा डिडक्टिबल (नुकसानीतली आपण स्वतः भरायची रक्कम) बहुधा वेगळा आणि टक्क्यांत असतो. चार लाखांच्या घरावर दोन टक्के म्हणजे आठ हजार डॉलर तुमच्या खिशातून. हे मार्चमध्येच पॉलिसी उघडून बघायचं. दुसऱ्या दिवशी दारावर छत दुरुस्तीवाले येतील आणि ‘डिडक्टिबल आम्ही माफ करतो’ म्हणतील. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून हे बेकायदा आहे. विमा कंपनीचा ॲडजस्टर (नुकसान तपासणारा माणूस) येऊन जाईपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका, आणि आगाऊ पूर्ण रक्कम तर कुणालाच देऊ नका.